पाना, पॉइंट आणि पद्मिनी

इटलीत फियाटच्या ‘अकराशे’ मालिकेवर १९६९ मध्ये पडदा पडला. कुर्ल्यात मात्र तिची बहीण त्यानंतर आणखी ३१ वर्षे कारखान्यातून बाहेर पडत राहिली, जवळपास त्याच पत्र्यात आणि त्याच इंजिनानिशी. मोटारींवर लिहिणाऱ्यांनी या गोष्टीची भरपूर टिंगल केली आहे आणि ती रास्तही आहे. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाला विचारतो कोण? पण या गोठलेपणाचा एक परिणाम फारसा कुणी नोंदवत नाही. जी गाडी बदलतच नाही, ती शिकून घेता येते. एकदा शिकलेले वीस वर्षांनीही कामी येते आणि बापाने घेतलेला पाना मुलाच्या गाडीलाही लागतो. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरांत रविवारी सकाळी बॉनेट उघडून आत डोके घालणारी जी जमात तयार झाली, ती थोडी हौसेने आणि बरीचशी नाइलाजाने.

कुर्ल्यातला हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जन्म १८८२ चा. रेल्वेची कंत्राटे, आगबोटी, साखर, विमाने असा त्यांचा पसारा, आणि त्यात मोटारीचे स्वप्न. सर एम. विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मुंबईत मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली होती. त्या योजनेचा पाठपुरावा वालचंदांनी केला. फोर्डशी बोलणी फिसकटली, मग क्रायस्लरशी जमले. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने या उद्योगाला हात दिला नाही, तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. फियाटशी करार झाला तो १९५१ मध्ये. वालचंद १९५३ मध्ये गेले, म्हणजे ज्या गाडीमुळे त्यांचा कारखाना घरोघरी ठाऊक झाला ती त्यांनी पाहिलीच नाही. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खोदण्याचे काम त्यांच्या कंपनीने केले होते. पुढे त्याच घाटात त्यांच्याच कारखान्याच्या गाड्या वाफा सोडत उभ्या राहायच्या!

टॅरिफ कमिशनने १९५३ मध्ये सांगितले की ज्यांना हळूहळू सगळी गाडी इथेच बनवायची आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. मैदानात उरल्या मुख्यतः तीन कंपन्या: कोलकात्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर. प्रीमियरची जुनी, गोलसर, पुढचे दार उलट्या बाजूने उघडणारी अकराशे लोकांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ म्हणून राहिली. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ‘अकराशे डिलाइट’ आली. त्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली, १२ हजारांची. त्यातले ५ हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ. ही हकीकत त्यांचे चिरंजीव अनिल शास्त्री यांनी अनेकदा सांगितली आहे. डिलाइट १९७३ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. चितोडच्या राणीचे नाव मिळाले तरी लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

पंतप्रधानाला कर्ज काढावे लागत होते, तिथे शाळामास्तर आणि बँकेतल्या कारकुनाचे काय! शिवाय पैसे असून भागत नव्हते. नोंदणी करायची, रक्कम भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. किमतीवर सरकारचे नियंत्रण, १९५९ च्या आदेशाने विक्रीवरही. नवी घेतलेली गाडी परवानगीशिवाय लगेच विकायलाही बंदी होती. परिणाम असा की वापरलेली गाडी अनेकदा नव्यापेक्षा महाग पडे, कारण ती आज मिळत होती. इतक्या सायासांनी दारात आलेली वस्तू पाच वर्षांत बदलण्याचा विचार कुणाच्या मनात येणार? ती वीस-पंचवीस वर्षे चालवायची हे घेतानाच ठरलेले असे. नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी पाटी लावून पहिले काही हजार किलोमीटर बैलगाडीच्या बेताने हाकली जायची आणि त्या दिवसापासून घरातला कुणीतरी तिचा वैद्य होई.

पद्मिनीची घडणही त्याला साथ देणारी होती. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडर एका ओळीत, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. इंजिन पुढे उभे, ओढ मागच्या चाकांना, आणि बॉनेटखाली दोन्ही बाजूंना हात सहज जाईल इतकी मोकळी जागा. कार्बोरेटर वरच, डिस्ट्रिब्यूटर हाताशी, प्लग रांगेत दिसणारे. संगणक नाही, सेन्सर नाही. गाडी बंद पडली तर कारणे दोनच, करंट येत नाही किंवा पेट्रोल येत नाही. प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायची आणि कुणाला तरी ‘सेल्फ मार’ म्हणून सांगायचे. निळी ठिणगी उडाली तर करंट आहे, मग पेट्रोलकडे वळायचे. ही तपासणी चौथीतल्या पोरालाही समजत असे.

आणखी एक फायदा होता, ज्याची किंमत पान्यांची पेटी बाळगणाऱ्यालाच कळेल. गाडी इटालियन, म्हणून नट-बोल्ट मिलिमीटरचे. ॲम्बेसेडर मूळची इंग्रज, तिच्यावर इंची मापांची खिचडी, आणि एका बोल्टला लागणारा पाना दुसऱ्याला लागेलच याची खात्री नाही. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. त्यामुळे फियाटवाल्याचे पाने सायकलीपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळीकडे चालू लागले. पुढे नाशिकच्या कारखान्यातून टपारियाची हत्यारे येऊ लागली. मग दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा असे दुतोंडी पाने, एक प्लगपाना, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेज एवढ्या सामग्रीवर घरचा दवाखाना सुरू होई.

फिलर गेज हे त्यातले सर्वात नाजूक हत्यार. पोलादी पात्यांचा छोटा पंखा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखाली दोन चिमुकले संपर्क असतात, तेच ‘पॉइंट’. कॅम फिरला की ते उघडतात, मिटतात, आणि दर उघडण्याबरोबर कॉइलमधून एक ठिणगी प्लगकडे जाते. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हवी. दर ठिणगीबरोबर पॉइंट थोडे जळतात, एकावर टेंगूळ उठते, दुसऱ्यावर खड्डा पडतो. मग गाडी सकाळी कुरकुरते, चढावर दम टाकते, मिस मारते. उपाय म्हणजे बारीक पॉलिश कागदाने पॉइंट घासायचे, फट पात्याने मोजायची, स्क्रू आवळायचा आणि आवळताना फट पुन्हा हलली म्हणून चरफडत सगळे पहिल्यापासून करायचे. मायकोचे प्लग काढून पितळी ब्रशने साफ करायचे. प्लगचे टोक विटकरी-तपकिरी दिसले तर जळण बरोबर, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, तेलकट असेल तर रिंगा गेल्या. या रंगांवरून इंजिनाची तब्येत सांगणारे जाणकार प्रत्येक कॉलनीत एक-दोन असत आणि त्यांचे एकमेकांशी कधी पटत नसे.

पेट्रोलच्या बाजूला सोलेक्सचा कार्बोरेटर. त्यातल्या जेटचे भोक केसाएवढे, आणि टाकीत गंज, डब्यात कचरा, पेट्रोलमध्ये भेसळ. जेट काढून तोंडाने फुंकायचा (पेट्रोलची चव त्या पिढीला परकी नव्हती), फ्लोटची सुई पाहायची, चोकची तार मोकळी करायची. मग इंजिन चालू ठेवून हवा आणि पेट्रोल यांचे स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवत ‘ट्यूनिंग’. इथे कान लागतो. कंपनीच्या पुस्तकात फेऱ्यांचा आकडा असला तरी दोन वेगळ्या गाड्यांचा सूर एकाच आकड्यावर क्वचित जमे. ॲव्हरेज लिटरमागे अर्ध्या किलोमीटरने वाढले तर ती बातमी सोसायटीत आठवडाभर पुरे.

पुढच्या चाकांजवळचे किंगपिन हा फियाटचा दुखरा सांधा. तिथली निपल शोधून ग्रीसगनने नव्या ग्रीसचा भरणा करायचा, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत. ज्यांनी हे वेळेवर केले त्यांची गाडी सरळ चालली. बाकीच्यांचे स्टिअरिंग थरथरत राहिले आणि टायर एका बाजूने झिजले.

एकट्याने होत नसे असे एक काम होते, ब्रेकमधली हवा काढणे. एकजण चाकाशी उकिडवा, हातात पाना आणि रबरी नळी बुडवलेली बाटली. दुसरा आत बसून पेडलवर. ‘दाब’, ‘धरून ठेव’, ‘सोड’ या तीन आज्ञांवर अर्धा तास जाई. पेडलवरची जागा घरातल्या ज्याला टाळता येत नसे त्याची, म्हणजे बहुधा बायकोची किंवा शाळकरी मुलीची. ब्रेकचे काम सगळ्यांनी घरी करावे का, यावर मतभेद होते आणि असायलाच हवे होते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पावसात ओले झाले की आधीच कमी धरणारे. त्यात व्हील सिलिंडरचे रबर चुकीचे बसवले तर घाटात प्राणाशी गाठ. स्वतःवर फाजील विश्वास असलेल्यांनी या गाडीचे हाल केले, हेही सांगितले पाहिजे. टॅपेट सेट करता करता व्हॉल्व्ह जाळून घेणारे होते, हेडचे बोल्ट अंदाजाने आवळून गॅस्केट उडवणारेही होते. त्यांच्या पराक्रमावर गल्लीतल्या मिस्त्रीचे घर चालत असे.

खरी परीक्षा असे ती उन्हाळ्यात घाटात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी सगळी वाहतूक जुन्या रस्त्याने, खोपोलीहून खंडाळ्याकडे. मे महिन्यात पाच माणसे, टपावर ट्रंका, मांडीवर आंब्याची पेटी अशी भरलेली पद्मिनी दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागली की तापमानाचा काटा तांबड्याकडे सरके. वळणावर बॉनेट उघडून उभ्या गाड्यांची रांग असे. अनुभवी माणूस रेडिएटरच्या झाकणाला लगेच हात लावत नसे, नवखा लावे आणि पोळून घेई. पाण्याचा कॅन डिकीत ठेवल्याशिवाय कुणी घाटाचा प्रवास धरत नसे. कधी इंजिन तापून पंपातले पेट्रोल वाफ होई आणि गाडीला घोटभर इंधन पोचेना. तेव्हा पेट्रोलपंपावर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या त्या वाटीएवढ्या पंपावर, ओले फडके टाकायचे आणि सावलीत बसून वाट पाहायची. ही युक्ती कुठल्या पुस्तकात असो-नसो, सगळ्यांना येत होती.

पावसाळ्याची तयारी वेगळी. कोकणपट्टीच्या हवेत पत्रा आतून सडतो, दाराच्या तळाशी, चाकांच्या कमानीत, पायाखालच्या चटईच्या खाली. मेअखेर इंजिनातून काढलेले जुने ऑइल गाडीच्या पोटाला फासायचा प्रघात होता. वास महिनाभर जात नसे, पण पत्रा वाचे. दाराची पाणी जायची भोके काडीने मोकळी करायची. डिस्ट्रिब्यूटरमध्ये दमट हवा शिरली की गाडी हूं की चूं करत नसे, म्हणून कोरडे फडके ग्लोव्ह बॉक्समध्ये कायमचे. हिंदमातेच्या किंवा मिलन सबवेच्या पाण्यात अडकलेल्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको.

सुट्या भागांची कधी चणचण पडली नाही, याचे श्रेय घरच्या मालकांना नाही, टॅक्सीवाल्यांना द्यावे लागेल. मुंबईत फियाट टॅक्सी म्हणून १९६४ पासून धावू लागली आणि १९९० च्या दशकात शहरातल्या साठ हजारांच्या घरातल्या टॅक्सींपैकी बहुतेक पद्मिनी होत्या. एवढ्या गाड्या दिवसरात्र चालणार म्हणजे क्लच प्लेट, पंपाचा पडदा, फॅनबेल्ट प्रत्येक नाक्यावर मिळणारच. ऑपेरा हाऊसच्या दुकानांत नवा माल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव, पुण्यात नाना पेठ, आणि नशीब जोरावर असेल तर जुना बाजार. ‘कंपनीचा की लोकल’ हा दुकानदाराचा पहिला प्रश्न. लोकल म्हणजे निम्म्या पैशांत, आणि किती टिकेल ते देवाला ठाऊक. टॅक्सीवाला लोकल घेई, घरचा मालक कंपनीचा घेऊन घासाघीस करी. पद्मिनी परवडणारी गाडी राहिली ती या बाजारामुळे, कारखान्यामुळे नव्हे, असे म्हणायला हरकत नाही.

कंपनी गाडी बदलत नाही म्हटल्यावर मालकांनी ती बदलायला घेतली. पहिले लक्ष्य स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर. त्याचा जोड लांबलचक, सांध्यांतले बुश झिजले की गिअर भलत्याच जागी अडके आणि भर चौकात उतरून, बॉनेट उघडून, हाताने दांडी सोडवावी लागे. म्हणून जमिनीवरचा गिअर बसवून घ्यायची लाट आली. सलग बाकासारखी पुढची सीट काढून दोन सुट्या बकेट सीट, डायनामोऐवजी आल्टरनेटर, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा, ज्याने फिलर गेजची दर महिन्याची कटकटच मिटवली. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या अंगात निसानचे ११७१ सीसीचे इंजिन घालून ‘११८ एनई’ आणली, तेव्हा हौशी मंडळींना तर घबाडच सापडले. मोडीत गेलेल्या एनईचे इंजिन आणि गिअरबॉक्स पद्मिनीत बसवलेल्या गाड्या मुंबई-पुण्यात दिसू लागल्या. बाहेरून आजीबाई, सिग्नल सुटताच सगळ्यांच्या पुढे. अगदी अखेरच्या वर्षांत कंपनीनेच जमिनीवरचा गिअर आणि बकेट सीट दिल्या. मालकांनी गल्लीतल्या गॅरेजात जे कधीच करून घेतले होते ते कारखान्याला तेव्हा सुचले.

टॅक्सीवाल्यांची सजावट निराळ्या वळणाची. छताला फुलाफुलांचे रेक्झिन, डॅशबोर्डवर गणपती किंवा मक्का-मदिना, गिअरच्या मुठीत प्लास्टिकचे फूल, मागच्या काचेवर गावाचे नाव. २०१५ मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून सीटचे आणि छताचे कापड रंगवून घेतले आणि जगभरच्या नियतकालिकांनी त्याचे फोटो छापले. चांगलेच झाले. पण टॅक्सीचे छत रंगीत असावे ही कल्पना त्या चित्रकारांच्या आधी टॅक्सीवाल्यांचीच होती.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. हलकी, पुढच्या चाकांनी ओढणारी, सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी. तिलाही कार्बोरेटरच होता, तिचेही प्लग घरी बदलता येत. तरी तिने फियाटवाल्यांची रविवार सकाळ मोडली, कारण तिला रोजची मशागत लागतच नव्हती. पुढे प्रदूषणाचे नियम आले. एप्रिल २००० पासून देशभर युरो-१ च्या तोडीचे मानक लागू झाले आणि कार्बोरेटरच्या जागी संगणकाने मोजून पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली. त्याच वर्षी पद्मिनीचे उत्पादन संपले. कुर्ल्याचा कारखाना फियाटने घेतला होता, तिथे काही वर्षे उनो आणि पालिओ बनल्या, मग तेही काम पुण्याजवळच्या रांजणगावला गेले. मुंबईच्या टॅक्सी न्यायालयाच्या आदेशांमुळे सीएनजीवर आल्या. डिकी सिलिंडरने अडवली आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शहरातून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली.

खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत आणि त्यांच्यापुढचा पेच मजेशीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ घडणीत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली गाडी त्यात बसते, पण सांगाडा, अंग आणि इंजिन मूळचे हवे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या पंक्तीत बसायला पात्र झाली. जिच्या मालकाने काही केले नाही ती मानाची. जिच्यात एनईचे इंजिन आणि जमिनीवरचा गिअर घालून कुणी तिला वीस वर्षे जास्त जगवले, ती नियमाच्या बाहेर. दस्तऐवज जपण्याच्या दृष्टीने हे ठीक असेल. या गाडीच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ती हातची दुरुस्ती आणि फेरफार हाच तिचा अर्धा इतिहास आहे, आणि तो नोंदवायला आपल्याकडे जागाच ठेवलेली नाही.

ज्यांच्या दारात किंवा गावाकडच्या पडवीत पद्मिनी उभी आहे त्यांनी दोन गोष्टी लगेच कराव्यात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नाही. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केटे आधी बदलून घ्या, मगच सेल्फ मारा. आणि गाडीतून कधीकाळी काढून टाकलेला स्टिअरिंगचा गिअर, डायनामो, बाकाची सीट माळ्यावर पडून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीसाठी २०२२ मध्येच ५ हजार रुपये शुल्क झाले, आणि इन्स्पेक्टरने मूळ घडण विचारली तर ते भाग पुन्हा बसवावे लागतील.